‘छातीकडे’ कीं ‘छातीशीं’? तोर्केमादाच्या एका उताऱ्याचें परीक्षण

मूळ कागद न पाहतां नकलेवरून किंवा भाषांतरावरून लिहिलेला इतिहास किती दूर भरकटतो, याचीं उदाहरणें या त्रैमासिकाच्या वाचकांस नवीं नाहींत. मोडी लिपींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाहीं, शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं; त्यामुळें एखाद्या प्रत्ययाचा घोटाळा होऊन देणारा तो घेणारा ठरतो आणि घेणारा तो देणारा. प्रस्तुत टिपणाचा विषय असाच एका प्रत्ययाचा आहे. मात्र कागद आपल्याकडचा नव्हे. तो स्पॅनिश भाषेंतला आहे, मेक्सिको देशाविषयींचा आहे, आणि त्यांत राजकारण नसून दगडापासून धारदार पातीं काढण्याच्या कसबाचें वर्णन आहे. हा उतारा शंभर वर्षें चुकीचा वाचला गेला. चुकीच्या वाचनावरून प्रयोग झाले. आणि ते प्रयोग यशस्वीही झाले! चुकीच्या वाचनास यश कां आलें, आणि त्या यशाची पुराव्याच्या दृष्टीनें किंमत काय, हा येथें मुख्य प्रश्न आहे.

उतारा पाहण्यापूर्वीं वस्तु पाहूं. मेक्सिकोंत ज्वालामुखीच्या रसापासून झालेली एक नैसर्गिक कांच सांपडते. तिला भूशास्त्रांत ऑब्सिडियन म्हणतात; तेथील नाहुआ लोकांच्या भाषेंत तिचें नांव इत्झ्तली. ती बहुधा काळी असते. पाचुका गांवाजवळच्या डोंगरांतली हिरवट झांकेची असते. त्या डोंगराचें स्पॅनिश नांवच ‘वस्तऱ्यांचा डोंगर’ अशा अर्थाचें आहे. स्पॅनिश लोक तेथें आले त्या वेळीं लोखंड तेथें वापरांत नव्हतें. चामडें कापणें, केस काढणें, देवापुढें स्वतःचें रक्त वाहणें, अशा नाना कामांस या कांचेचीं पातीं लागत. तरवारीच्या जागीं असणाऱ्या लांकडी शस्त्राच्या कडांतही हींच पातीं बसवीत.

हें पातें निघतें कसें? प्रथम दगड ठोकून लांबट, साधारण गोल खांबासारखा गाभा तयार करावा लागतो. त्याचा माथा सपाट असतो व अंगावर वरून खालीं उभे कणे असतात. माथ्याच्या कडेवर, बरोबर एखाद्या कण्याच्या वर, पुरेसा दाब दिला म्हणजे कांचेंत चीर पडते, आणि ती चीर कण्याला धरून खालपर्यंत जाते. निघतें तें पातें लांब, अरुंद, पातळ, दोन्ही कडांस धार असलेलें असें असतें. आणि तें निघाल्यानें गाभ्यावर पडलेल्या खांचेच्या दोन कडा हेच पुढच्या पात्यांचे कणे होतात. म्हणजे प्रत्येक पातें पुढल्या पात्याची वाट आंखून जातें. एक पातें मध्येंच तुटलें किंवा आंखूड राहिलें, तर गाभ्याचें तें अंग बिघडतें व दुरुस्त करावें लागतें. हातोडीच्या ठोक्यानें इतकीं सारखीं व पातळ पातीं एकामागून एक निघणें कठीण. येथें ठोका नसून दाब आहे. दाब भरपूर पाहिजे, आणि तो केंसभरही इकडे तिकडे सरकतां नये. हे दोन गुण एकत्र आणावयाचे, म्हणजे गाभा घट्ट धरावयास हवा व सर्व शरीराचें बळ एका बिंदूवर यावयास हवें. तें बळ कसें आणीत, याविषयीं आपला मुख्य लेखी साक्षीदार म्हणजे फ्राय हुआन दे तोर्केमादा.

तोर्केमादा हा फ्रान्सिस्कन पंथाचा साधु. त्याचा ‘मोनार्किया इंदियाना’ हा विस्तृत ग्रंथ इ. स. १६१५ मध्यें सेव्हिल येथें छापला गेला. त्यांत कारागिरांच्या प्रकरणांत पातीं काढणाऱ्यांचें वर्णन येतें. त्याचा आशय असा : कारागीर जमिनीवर बसतो. सुमारें वीतभर किंवा थोडा अधिक लांब, पोटरीएवढा किंवा जरा कमी जाड असा गोल काळा दगड घेतो. त्याजवळ भाल्याच्या दांड्याएवढी जाड, तीन हात किंवा किंचित् अधिक लांब अशी काठी असते. तिच्या पुढल्या टोंकास वीतभर लांबीचा लांकडाचा जाड तुकडा घट्ट बांधलेला असतो. दगड दोन्ही पावलांमध्यें, जसा कांहीं सांडशींत किंवा सुताराच्या शिकंज्यांत धरावा तसा, आवळून धरतो. काठी दोन्ही हातांनीं धरून तिचें टोंक दगडाच्या कडेस नीट भिडवितो. मग ती छातीकडे दाबतो. त्या जोरानें पातें सुटून उडतें. अशीं वीसांहून अधिक पातीं थोड्या वेळांत एका दगडांतून निघतात. पात्यांचा आकार न्हाव्याच्या नस्तरासारखा. मात्र मध्यें एक लहानसा कणा असतो व टोंकाकडे पातें किंचित् डौलदार वळतें. धार पहिल्यानें पोलादी वस्तऱ्यासारखी चालते, पण लौकर जाते. म्हणून एका हजामतीस एकामागून एक अनेक पातीं लागतात.

या साक्षीदाराची योग्यता काय? तोर्केमादानें आपल्या पूर्वींच्या मेंदिएता नांवाच्या साधूच्या हस्तलिखितांतून फार मोठा मजकूर उचलला होता, ही गोष्ट विश्रुत आहे. मेंदिएताचा ग्रंथ जवळजवळ पावणेतीनशें वर्षें अप्रकाशित राहिला. हस्तलिखितांचे थोर संग्राहक व संशोधक हुआकिन गार्सिया इकाझबाल्सेता यांनीं तो १८७० मध्यें छापला, तेव्हां ही उसनवारी सर्वांस दिसली. आणि मेंदिएताच्याही मागें मोतोलिनीया आहे. हा १५२४ मध्यें मेक्सिकोंत आलेल्या पहिल्या बारा फ्रान्सिस्कनांपैकीं एक. तेव्हां या घराण्यांतल्या ग्रंथांत एकच वर्णन दोन तीन ठिकाणीं आढळलें, तर त्यास दोन तीन साक्षी म्हणतां येणार नाहीं. एका बखरीच्या तीन नकला म्हणजे तीन बखरी नव्हेत, हा नियम येथेंही लागू आहे.

परंतु नक्कल म्हणून उतारा टाकून द्यावा असेंही नाहीं. त्याच्या पोटांतच पाहणाऱ्याच्या डोळ्याची खूण आहे. टोंकाकडचा बाक, मधला कणा, धार लौकर जाणें, या गोष्टी ऐकीव माहितींत सहसा टिकत नाहींत. प्रत्यक्ष पातीं हातीं घेतलीं असतां बाक व कणा दोन्ही दिसतात. पुष्कळ पात्यांवर कणे दोन असून मध्यें चिंचोळी सपाटी असते; वर्णनकारानें एकच म्हटला आहे. परंतु दुरून पाहणारास ती सपाटीच एक उंचवटा वाटणें स्वाभाविक आहे. एकंदरींत, मूळ वर्णन कोणी तरी कारागिराच्या समोर उभें राहून केलेलें आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं. अशा वर्णनांतला प्रत्येक शब्द जपून वाचला पाहिजे.

तो तसा वाचला गेला नाहीं. इंग्रज मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर १८५६ मध्यें मेक्सिकोंत हिंडला आणि १८६१ मध्यें त्यानें ‘अनाहुआक’ हा प्रवासग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें या उताऱ्याचें इंग्रजी भाषांतर दिलें. मूळ स्पॅनिश शब्दांचा अर्थ ‘छातीकडे दाबतात’ असा आहे. भाषांतरांत तो ‘छातीशीं दाबतात’ असा झाला. दोन्ही वाक्यें कानाला सारखींच वाटतात. पण पहिल्यांत छाती ही दिशा आहे, दुसऱ्यांत ती जोर लावण्याचें साधन होते. पहिला मनुष्य काठी आपल्याकडे ओढतो. दुसरा काठीचें मागलें टोंक छातीस टेकवून पुढें ढकलतो. एका प्रत्ययानें ओढण्याचें ढकलणें झालें. टायलर हा थोर पंडित होता, यांत शंका नाहीं. आणि थोरांची चूक दूरवर जाते. जॉन इव्हान्सनें १८७२ मध्यें ब्रिटनमधील प्राचीन दगडी हत्यारांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यांतही तोर्केमादाच्या साक्षीची दखल घेतलेली आहे. मेक्सिकोचा कारागीर छातीनें दाब देतो, हें चित्र अशा रीतीनें पुस्तकांतून पुस्तकांत गेलें.

छातीनें दाब देण्याची कल्पना हवेंतली नव्हती, हें येथें न्यायानें सांगितलें पाहिजे. उत्तर अमेरिकेंतील कांहीं इंडियन लोक छातीस टेकवावयाच्या कुबडीनें दगडाचे छिलके काढीत, अशी माहिती एकोणिसाव्या शतकांतल्या लेखकांनीं नोंदली आहे. म्हणून चुकलेलें भाषांतर खऱ्याशीं मिळतें जुळतें वाटलें आणि कोणासही संशय आला नाहीं. चुकीचें वाचन असंभवनीय असेल तर लौकर पकडलें जातें. संभवनीय असेल तर तें पिढ्यानुपिढ्या टिकतें.

आतां प्रयोगाकडे वळूं. अमेरिकेंतील आयडाहो प्रांताचा डॉन क्रॅबट्री हा स्वतःच्या हातानें दगड घडविण्यांत निष्णात असा संशोधक होता. त्यानें १९६८ मध्यें ‘अमेरिकन अँटिक्विटी’ या नियतकालिकांत मेक्सिकोच्या गाभ्यांवर व पात्यांवर एक दीर्घ लेख लिहिला. भाषांतरांच्या आधारानें तोर्केमादाची रीत करून पाहण्याचा त्याचा उद्देश होता. त्यानें गाभा लांकडी शिकंज्यांत पक्का बसविला, छातीस टेकवावयाची कुबडी घेतली, उभें राहून शरीराचा भार तिच्यावर टाकला आणि प्राचीन पात्यांशीं ताडून पाहण्याजोगीं उत्तम पातीं काढलीं.

या कार्याची योग्यता मोठी आहे. दाबानेंच अशीं पातीं निघतात, ही गोष्ट त्यानें हातानें सिद्ध केली. उत्तरकालीन मेक्सिकन गाभ्यांचे माथे घांसून खरखरीत केलेले आढळतात. गुळगुळीत कांचेवर हत्याराचें टोंक सरकतें, खरखरीत केल्यास टिकतें, हें कारण हातांत हत्यार घेतल्यावांचून इतकें स्पष्ट समजलें नसतें. परंतु उताऱ्याशीं ताडून पाहतां तीन ठिकाणीं फारकत दिसते. उताऱ्यांतला मनुष्य बसलेला आहे, क्रॅबट्री उभा आहे. उताऱ्यांत दगड पावलांत आहे, येथें शिकंज्यांत. शिकंज्याचा उल्लेख मुळांत केवळ उपमेपुरता आहे. आणि उताऱ्यांत जोर छातीकडे येतो, येथें तो छातीपासून जातो.

१९७० व १९७१ सालीं त्याच नियतकालिकांत मूळ स्पॅनिश उतारा पुन्हां तपासणारीं टिपणें आलीं. नंतर १९८२ मध्यें जॉन क्लार्क यानें निराळी रीत मांडली. त्यानें जमिनीवर बसून गाभा पावलांत धरला. काठीच्या टोंकास आंकड्यासारखें वळण दिलें. आणि तें टोंक माथ्याच्या पलीकडल्या कडेस लावून काठी दोन्ही हातांनीं आपल्याकडे ओढली. पातीं निघालीं, तींही उत्तम. त्याच्या बाजूस आणखी एक लेखी साक्ष आहे. साहागून या साधूनें नाहुआ जाणत्यांकडून त्यांच्याच भाषेंत माहिती लिहवून घेऊन जो बारा भागांचा कोश सुमारें १५७७ पर्यंत सिद्ध केला, व ज्याचें हस्तलिखित आज फ्लॉरेन्स येथें आहे, त्यांत बाजारांतील पातीं विकणाराचें वर्णन आहे. तेथें त्याच्या हत्याराचें नांव इत्झकोलोत्ली असें येतें, आणि आडवा किंवा वळलेला भाग असलेली काठी असा त्याचा अर्थ लावतात. तोर्केमादाच्या काठीस पुढें बांधलेला वीतभर तुकडा याच्याशीं जुळतो. शिवाय ही साक्ष मोतोलिनीयाच्या घराण्यांतली नव्हे. ती स्वतंत्र आहे.

येथें आमचें एक साधें म्हणणें आहे, व त्याची परीक्षा वाचकांस घरींच करतां येईल. काठी तीन हात, म्हणजे सुमारें चार फूट लांब. जमिनीवर बसून पाय पुढें करावे, दोन्ही पावलांत वीतभर वस्तु धरावी, आणि त्या वस्तूपासून आपल्या छातीपर्यंतचें अंतर मोजावें. गुडघे दुमडून पकड घट्ट करतांच तें अंतर तीन हात उरत नाहीं. काठीचें मागलें टोंक छातीस टेकवावयाचें असेल, तर ती फार लांब होते. ओढावयाची असेल, तर तिचा वरचा भाग खांद्याकडे मोकळा राहूं शकतो व लांबीची अडचण होत नाहीं. म्हणजे ‘छातीकडे’ हा शब्द क्षणभर झांकून ठेवला, तरी बसणें, पावलें व तीन हात हीं मापेंच ढकलण्याच्या विरुद्ध साक्ष देतात. टायलरनें वाक्याचें भाषांतर केलें; तें वाक्य ज्या शरीरास लागू होतें, तें शरीर कागदावर आंखून पाहिलें नाहीं.

तथापि क्लार्कच्या पक्षानेंही आपली मर्यादा ओळखली पाहिजे. टोंकाचें नेमकें वळण उताऱ्यांत नाहीं. तें हत्याराच्या नांवावरून व प्रयोगाच्या सोयीवरून घेतलेलें अनुमान आहे. अनुमान चांगलें आहे, पण त्यास मुळाचा शब्द म्हणतां येणार नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. क्रॅबट्रीस पातीं मिळालीं आणि क्लार्कसही मिळालीं. दोन परस्परविरुद्ध रीतींनीं एकच वस्तु निघाली. तेव्हां ‘मीं अशा रीतीनें वस्तु करून दाखविली, म्हणून प्राचीनांनीं ती अशीच केली’ हा न्याय फोल आहे. हाताचा प्रयोग काय शक्य आहे तें सांगतो. काय घडलें तें सांगत नाहीं. त्याचें खरें बळ नकारांत आहे : एखादी रीत हातानें साधतच नसेल, तर ती लेखांत कितीही स्पष्ट असली तरी वाचनाचा किंवा लेखकाचा दोष शोधावा लागतो. जेथें दोन रीती साधतात, तेथें निवाडा हातानें होणार नाहीं. तो लेखाच्या शब्दानें, मापानें आणि वस्तूवरील खुणांनींच होईल.

हा निवाडा केवळ कुतूहलाचा नव्हे. शिकंज्यांत गाभा बसवून काम करणारा मनुष्य एका जागेस बांधला जातो. त्यास कार्यशाळा हवी. काठी व चार गाभे घेऊन आलेला मनुष्य बाजारांत कोठेंही बसून गिऱ्हाइकासमोर पातीं काढूं शकतो. एक प्रत्यय बदलला, तर पात्यांचा व्यापार कोणाच्या हातीं होता, कोठें चालत होता, आणि उत्खननांत बाजाराच्या जागीं मिळालेल्या कपच्यांचा अर्थ काय, हें सर्व बदलूं शकतें.

आपल्याकडे या प्रश्नाचें स्वरूप अधिक कठीण आहे. प्रवरेकांठचें नेवासें, घोड नदीकांठचें इनामगांव येथील ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांत कॅल्सेडनी दगडाचीं लहान पातीं विपुल सांपडलीं. त्यांच्याविषयीं एकही लेखी ओळ नाहीं, व असणें शक्यही नाहीं. म्हणून त्यांच्या घडणीच्या रीतीविषयीं लिहितांना ‘अशी रीत शक्य आहे’ आणि ‘अशी रीत होती’ यांतला भेद आपण दुप्पट काळजीनें राखला पाहिजे.

जिवंत कारागिरीचें एक उदाहरण आपल्या शेजारींच आहे. गुजराथेंत खंबायत येथें अकीकाचे मणी घडवितात. तेथला कारागीर जमिनींत तिरपी रोवलेली अणकुचीदार लोखंडी सळई समोर ठेवून बसतो, दगडाची कड तिच्या टोंकास टेकवितो, आणि लवचीक दांड्याच्या शिंगी हातोडीनें दगडावर ठोका देतो. छिलका मात्र हातोडीच्या बाजूनें न निघतां सळईच्या बाजूनें निघतो. ‘कारागीर शिंगाच्या हातोडीनें दगड फोडतो’ एवढेंच कोणी लिहून ठेवलें असतें, तर वाक्य खरें असूनही त्यावरून झालेलें प्रत्येक चित्र खोटें ठरलें असतें. सळईचा उल्लेख राहिला कीं सर्व कृतीच उलटी होते. लोखंडी सळई असल्यानें ही रीत जशीच्या तशी नेवाशाच्या काळास लावतां येणार नाहीं, हें उघड आहे. परंतु पाहणारा काय विसरतो, याचा धडा तिच्यांत पुरता आहे.

आपल्या संग्राहकांजवळ कारखान्यांचे हिशेब, मजुरीच्या यादी, रंग, शाई, दारू, ओतकाम यांच्या कृतींचीं बाडें आहेत. राजकारणाच्या पत्रांपुढें तीं क्षुद्र वाटून मागें पडतात, आणि छापलीं गेलींच तर संपादक कोशांत पाहून अर्थ देतो. तोर्केमादाच्या उताऱ्याचा इतिहास असें सांगतो कीं, अशा कागदाचें संपादन एकट्या भाषापंडिताचें काम नव्हे, आणि एकट्या कारागिराचेंही नव्हे. पंडितानें मुळांतला प्रत्यय जसाच्या तसा छापावा. मग तो कागद त्या धंद्यांतल्या माणसास वाचून दाखवावा. तो जेथें हंसेल किंवा अडखळेल तेथें टीप द्यावी. आणि त्याच्या सांगण्यावरून मूळ पाठ मात्र बदलूं नये. ज्यांच्याजवळ अशीं बाडें असतील त्यांनीं त्यांची निदान यादी तरी या त्रैमासिकाकडे पाठवावी, अशी विनंति करून हें टिपण पुरें करतों.